राजधानीचा ठिपका

जगाचं सरकार स्थापन करायला निघालेला माणूस कारखान्यात शिरला आणि पहिल्याच पावलाला त्याने हातातली काठी खळीच्या घमेल्यात बुडवली. मुद्दाम नव्हे. त्याने बघितलंच नाही. अशा माणसांची नजर लांबवर लागलेली असते, पायाशी काय ठेवलंय ते बघायला त्यांना सवड नसते.

घमेलं खळवालीचं होतं. त्या कारखान्यात शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनत. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींवर चिकटवून गोळा करायचा, त्यावर छापील कागदाच्या बारा फाकी बसवायच्या, संत्र्याच्या असतात तशा, वर-खाली दोन गोल टोप्या, मग वार्निश. ऐकायला सोपं. पण कागद खळीने भिजला की ताणतो. एक फाक केसभर सरकली की शेवटच्या फाकीपर्यंत बोटभर फरक पडतो आणि अर्धा देश समुद्रात जातो. बावीस वर्षांत तिच्या हातून एकही देश समुद्रात गेला नव्हता. खळही तीच शिजवायची, म्हणून खळवाली. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने पडून होतं.

"तीनशे गोल हवेत," काठी झटकत पाहुणा मुकादमाला म्हणाला. खळीचे शिंतोडे भिंतीवर उडाले. "पण त्यांच्यावर एकाही सीमेची रेषा नको. देश नकोत, देशांची नावं नकोत. फक्त जमीन आणि पाणी. एक पृथ्वी, एक सरकार, कायमची शांतता."

तो विश्वसरकार परिषदेचा अध्यक्ष होता. पूर्वी कुठल्याशा महाविद्यालयाचा प्राचार्य. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले तेव्हा त्याने अख्खी मानवजात शिकवायला घेतली होती. तीन महिन्यांनी परिषदेचं अधिवेशन होतं आणि प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात एकेक गोल द्यायचा होता.

"शहरंही नकोत?" मुकादमाने विचारलं.

"शहरं राहू देत. आणि एक लाल ठिपका, राजधानीचा. सरकार म्हटलं की राजधानी आलीच. ती कुठे, हे परिषद ठरवून कळवेल. तेवढा ठिपका शेवटी हाताने लावा."

मुकादम केसांचा कलप आणि जिभेची धार, दोन्ही जपणारा माणूस. तो खळवालीच्या कानाशी पुटपुटला, "आले बघ जगाचे जावई. आता जग काय, पाय धुवायला उभंच आहे." त्या दिवसापासून कारखान्यात अध्यक्षाचं नाव जगाचा जावई पडलं.

खळवालीला हसू आलं नाही. तिला कामाची काळजी होती. "रेषा नसतील तर फाक बसवायची कशाला धरून?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"इकडच्या फाकीवरची रेष तिकडच्या रेषेला भिडली की कळतं नीट बसली ते. किनारा असतो तिथे ठीक आहे. मोठ्या जमिनीच्या पोटात काय धरू मी? नुसता हिरवा हिरव्याला कसा भिडवायचा?"

अध्यक्ष खूश झाला. सोबतच्या दोन सभासदांकडे वळून म्हणाला, "बघा! सामान्य माणसाच्या मनात या रेषा किती खोल रुतल्यात!"

"मनात नाही हो," खळवाली म्हणाली. "कागदावर."

तेव्हा मुकादमाने तोंड उघडलं, आणि ते त्याने उघडायला नको होतं. म्हणाला, "साहेब, हिच्याशी रेषांचं बोलू नका. हिचा मुलगा त्या रेषेवरच गेला. सतरा दिवसांच्या लढाईत."

अध्यक्षाच्या चेहऱ्यावर दुःख आलं. आलं खरं. पण त्याच्या आधी, पापणी लवते तेवढा वेळ, दुसरंच काहीतरी येऊन गेलं. दुकानात हवी ती वस्तू दिसल्यावर येतं ना, तसं. खळवालीने ते बघितलं. केसभर सरकलेली फाक जिला दिसते, तिला हे दिसणार नाही?

"तुमच्या मुलाला रेषेने मारलं, बाई," तो हळू आवाजात म्हणाला.

"गोळीने. रेष मी बावीस वर्षं चिकटवतेय, मला कधी चावली नाही."

सभासद एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्ष मात्र स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. अशा माणसाचा अपमान करणं महाकठीण, तो अपमानाचंही भाषण करून टाकतो. त्याने विचारलं, मुलाचं शव मिळालं का. ती म्हणाली, नाही. मुलगा रेषेपलीकडे पडला, तिकडच्यांनीच पुरला. कुठे, ते इकडे कुणाला माहीत नाही.

"एवढंच?" अध्यक्षाने मांडीवर थाप मारली. "अहो, आमची तिकडे शाखा आहे! तिकडचा आमचा प्रमुख लष्करी इस्पितळात डॉक्टर होता. मेलेल्यांच्या नोंदी त्याच्याच खात्याकडे. माझ्या एका पत्राचं काम आहे. एका पत्राचं! हीच तर आमच्या चळवळीची ताकद आहे, बाई. सरकारं बोलत नाहीत, आम्ही बोलतो."

बदल्यात फार काही नको होतं. तिने अधिवेशनात मंचावर बसायचं. बोलायची गरज नाही. मागे पाटी लागेल, 'सीमेने हिरावलेला शेवटचा मुलगा'. शेवटचा कसा, ते तिने विचारलं नाही. तिने फक्त पत्राचं विचारलं.

"आजच लिहितो," अध्यक्ष म्हणाला.

तिची एकच गरज होती, आणि ती एका छापील अर्जाच्या सातव्या रकान्याएवढी होती.

तह झाला तेव्हा त्यात एक कलम होतं. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मेलेल्यांचे अवशेष परत द्यायचे, मात्र अर्ज वर्षाच्या आत आला पाहिजे. अर्ज सैनिक कल्याणच्या कार्यालयात मिळत होता. पहिले सहा रकाने खळवालीच्या सुनेने सुवाच्य अक्षरात भरले होते. नाव, हुद्दा, क्रमांक, जन्म, मृत्यू, नातं. सातवा होता 'दफनाचे नेमके ठिकाण'.

"हा रिकामा असेल तर अर्ज घेता येत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला होता.

"पण पुरलं त्यांनी," खळवाली म्हणाली होती. " त्यांनाच माहीत असणार."

"मग त्यांना विचारा."

"मी? मी कशी विचारणार? तुम्ही सरकार आहात, तुम्ही विचारा."

"आमचे त्यांच्याशी संबंध नाहीत ना, बाई."

"मग ते अवशेष देणार कुणाला?"

"अर्ज पूर्ण असेल तर आम्हाला." आणि खिडकी बंद.

तहाला आता नऊ महिने झाले होते. तीन उरले होते. घरी सून आणि सासू दोघीच. सून औषधाच्या दुकानात कामाला होती. दोघी एकमेकींशी फार बोलत नसत, पण भांडतही नसत, आणि मुलगा होता तेव्हा हे दोन्ही उलटं होतं. सून संध्याकाळी घरी आली की दाराशी थोडी थबकायची. कुलपाची एक किल्ली तिच्याकडे, एक सासूकडे. तिसरी नवरा लढाईवर जाताना खिशात घेऊन गेला होता. "परत येईन तेव्हा तुम्हाला उठवायला नको," म्हणाला होता. सुनेने कुलूप बदललं नव्हतं. सासूनेही विषय काढला नव्हता.

"पत्र लिहितो म्हणाला," खळवालीने त्या दिवशी घरी सांगितलं.

"कोण?"

"जगाचं सरकार."

सुनेने भांडं आपटलं. "आई, आपलं सरकार एक खिडकी उघडी ठेवत नाही. जगाचं काय दिवे लावणार?"

"याच्याकडे खिडकीच नाही म्हणतो. सगळं सताड उघडं."

"मग चोरीला गेलं असेल सगळं," सून म्हणाली आणि दोघी बऱ्याच दिवसांनी एकदम हसल्या.

काम सुरू झालं आणि खळवाली म्हणाली होती तेच झालं. बिनरेषांच्या कागदाचे पहिले चाळीस गोल वाया गेले. किनाऱ्यावर सगळं ठीक, पण जमिनीच्या पोटात नद्या मध्येच तुटल्या, डोंगर दोन बोटं सरकले. मुकादमाने डोक्याला हात लावला. शेवटी तिनेच मार्ग काढला. जुना, रेषांचा गोल समोर ठेवायचा. कोऱ्या फाकींवर शिसपेन्सिलीने सीमा हलक्या हाताने काढून घ्यायच्या, रेषेला रेष भिडवत फाकी बसवायच्या, वाळल्या की खोडरबराने पुसायच्या. मग वार्निश.

म्हणजे सीमा नसलेली पृथ्वी बनवायची तर आधी सगळ्या सीमा हाताने काढायच्या, प्रत्येक गोलावर, तीनशे वेळा. परिषदेच्या एकाही माणसाला हे कधी कळलं नाही. विचारायलाही कुणी आलं नाही. आणि खोडल्यावरही वार्निशखाली त्या रेषा राहत. उजेडात तिरका धरला की दिसत, पाठीवर जुना वळ दिसावा तशा.

"मला एक सांग," पेन्सिल कानावर अडकवत मुकादम म्हणाला. "सगळ्या जगाचं एकच सरकार. बरं. ते हरामखोर निघालं तर पळून जायचं कुठे?"

"जावयाला विचार."

"विचारलं. म्हणाला, ते हरामखोर निघणारच नाही."

"माझ्या सासऱ्यांचं घरात एकच सरकार होतं," खळवाली फाक दाबत म्हणाली. "चौदा माणसं आणि काय शांतता होती म्हणून सांगू. लोक नावाजायचे. त्यांच्यासमोर कुणाचा ब्र काढायचा धीर नव्हता, म्हणून होती. ते गेले त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या जावा कडाकडा भांडलो. इतकं बरं वाटलं!"

मुकादम हसून हसून खोकला. ती हसली नाही. तिच्या बोटाखाली त्या वेळी नेमकी तीच रेष होती, पेन्सिलीची, जिच्या पलीकडे तिचा मुलगा पडला होता. गोलावर ती नखाएवढीच होती. ती खोडताना दर वेळी तिचा हात थोडा रेंगाळायचा. मग ती खोडायची. तीनशेपैकी एकही तिने राखली नाही.

पत्राचं उत्तर येईना. पंधरा दिवसांनी ती परिषदेच्या कार्यालयात गेली, अध्यक्ष दौऱ्यावर होता. महिन्याने गेली, त्याने चहा पाजला आणि टपालाला दोष दिला. टपाल तर तह झाल्यापासून सुरळीत होतं, चार दिवसांत तिकडे पोचत होतं. सुनेच्या दुकानात तिकडची औषधं येत होती, तिला ठाऊक होतं. दोन महिने झाले तेव्हा खळवाली कामाचा डगला अंगावर तसाच ठेवून, बोटांना खळ तशीच ठेवून, न विचारता सभेच्या खोलीत शिरली.

आत चौदा-पंधरा माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. भिंतीवर कापडी पट्टी, 'मानव एक'. टेबलावर एक गोल, तिनेच नमुन्याला दिलेला. आणि त्या गोलावरून रणधुमाळी चालली होती.

"आपल्या देशाने सर्वांत जास्त प्रतिनिधी दिलेत! राजधानी आपल्याकडेच हवी!"

"त्यांच्या शाखेने ठरावच पाठवलाय, ठिपका त्यांच्या शहरावर नसेल तर आम्ही येणार नाही म्हणून!"

"मग नका येऊ म्हणावं! लढाई कुणी सुरू केली होती?"

"हो ना! वर राजधानी त्यांच्या घशात घालायची?"

विश्वसरकारवाले. नीट ऐका. दोन सरकारं सतरा दिवस लढून थकली, तह करून मोकळी झाली. ही माणसं, ज्यांच्या हातात एक शिपाई नाही, एक टाचणी नाही, ती एका ठिपक्यावरून अजून लढत होती. यांच्या हातात तोफा दिल्या असत्या तर सतरा दिवसांचे सतराशे झाले असते. माणसाला मोठेपणाची भूक असतेच, त्याचं नवल नाही. पण काहींना आपल्या गल्लीचा मोठेपणा पुरत नाही म्हणून ती जगाचा मागतात, आणि मग गल्लीतल्याहून खुज्या गोष्टीसाठी एकमेकांची गचांडी धरतात.

"माझ्या पत्राचं काय झालं?" खळवालीने विचारलं.

 अध्यक्षाने चष्मा काढला. "बाई, सभा चालू आहे."

"चालू दे. पत्र पाठवलंत का? हो की नाही?"

तो उठला, तिच्या खांद्याला हात लावून तिला दाराकडे नेऊ लागला. ती हलली नाही. मग तो कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "समजून घ्या. आत्ता मी त्यांच्याकडे उपकार मागितला तर आपली बाजू पडते. ते लगेच म्हणतील, मग ठिपका द्या. आधी ठिपक्याचा निकाल लागू दे, मग पहिलं पत्र तुमचंच."

"दोन महिन्यांपूर्वी 'आजच लिहितो' म्हणाला होतात."

"व्यापक हित बघावं लागतं. उद्या जगाचं सरकार आलं की असे लाखो मुलगे वाचतील. तुमचा एक..." त्याने वाक्य तोडलं. पण उशिरा.

"पूर्ण करा ना," ती म्हणाली. "माझा एक काय?"

तो चष्मा पुसू लागला.  टेबलाभोवतीच्या एकाने पाण्याचा पेला उचलून तोंडासमोर धरला.

"एक महिना राहिलाय माझा," ती म्हणाली. "त्यानंतर तो कायमचा तिकडचा."

"पृथ्वी एकच आहे, बाई. तिकडची मातीसुद्धा आपलीच."

"हो का? मग ठिपका जाऊ दे की तिकडे," असं म्हणून ती निघाली. जाताना 'मानव एक'च्या पट्टीला बोटं पुसली. खळ वाळली की कापड ताठ होतं, ती पट्टी पुढे कधी सरळ लोंबली नाही.

घरी येऊन तिने सगळं सुनेला सांगितलं. सुनेने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई, ठिपका लावतं कोण?"

"कोण म्हणजे? मीच. शेवटी हाताने लावायचा आहे."

"ते लोक बघायला येतात?"

"ते? त्यांना खळीचा वास सहन होत नाही."

सून वही घेऊन बसली. ती काय लिहिणार ते खळवालीला उशिरा समजलं. "पोरी, हे बरोबर नाही," ती म्हणाली.

"बरोबर कोण वागलंय आपल्याशी, ते आधी सांगा," सून म्हणाली. "मग आपणही तसंच वागू."

खळवालीने दिवा वहीजवळ सरकवला.

पत्र अर्ध्या पानाचं झालं. तिकडच्या शाखेच्या प्रमुखाला, त्या डॉक्टरला. त्यात रडणं नव्हतं. मुलाचं नाव आणि क्रमांक होता, तारीख होती, आणि पुढे असं: 'जगाच्या राजधानीचा ठिपका तीनशे गोलांवर मी लावणार आहे. माझा मुलगा कुठे पुरला ते मला कळवा. कळलं तर ठिपका तुमच्या शहरावर लागेल. नाही कळलं तर इथला अध्यक्ष सांगेल तिथे लागेल. माझ्याकडे महिना आहे, तुमच्याकडेही.'

नवव्या दिवशी उत्तर आलं.

चार दिवस पत्राच्या जाण्याचे, चार उत्तराच्या येण्याचे. म्हणजे मधला एक दिवस. एका दिवसाचं काम होतं ते! पाकिटात लष्करी इस्पितळाच्या नोंदीची शिक्क्याची नक्कल होती. इस्पितळामागची दफनभूमी, रांग तिसरी, जागा एकोणिसावी. हाताने काढलेला छोटा नकाशा होता, पाण्याच्या टाकीपासून पावलं मोजलेली. आणि नोंदीत शेवटी, अंगावरील वस्तू: किल्ली एक, दोऱ्यात ओवलेली.

सून तो कागद घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. खळवाली बाहेर बसून राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप. वर्षभर ती नोंद एका कपाटात पडून होती. वर्षभर त्या डॉक्टरला ते कपाट उघडता आलं असतं. माणुसकीसाठी उघडलं नाही, शांततेसाठी उघडलं नाही, ठिपक्यासाठी एका दिवसात उघडलं.

पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती. 'ठरल्याप्रमाणे करावे.'

दुसऱ्या दिवशी दोघी खिडकीसमोर होत्या. कारकुनाने सातवा रकाना वाचला, नक्कल उलटसुलट केली, शिक्का उजेडात धरला. "हे कसं मिळालं?" त्याने विचारलं.

"विचारलं," सून म्हणाली.

पोच मिळाली. पिवळी, क्रमांकाची. खळवालीने ती चोळीत ठेवली.

ठिपके लावायच्या दिवशी अध्यक्षाचा निरोप आला. ठराव झाला होता. ठिपका आपल्या शहरावर, पण वाच्यता करू नये, तिकडचे प्रतिनिधी येणार आहेत, गोल अधिवेशनातच उघडले जातील. "एकदा तीनशे जणांच्या हातात पडले की झालं," असं तो मुकादमाला फोनवर म्हणाला आणि खो खो हसला.

खळवालीने लाल रंगाची बाटली उघडली. मुकादम तिच्या ब्रशाकडे बघत उभा राहिला. पहिला ठिपका कुठे पडला ते त्याने पाहिलं.

"अगं, तिकडे? त्यांनी पोराला गोळी घातली तुझ्या."

"गोळी घालणाऱ्याला देत नाहीये. जागा सांगणाऱ्याला देतेय."

"जावई कारखाना डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. जग डोक्यावर घ्यायची सवय आहे त्याला." तिने दुसरा गोल ओढला. "शब्द दिलाय, मुकादम. यांच्यासारखं मला नाही जमत."

 मुकादमाने स्टूल ओढलं आणि ठिपके वाळतील तसे त्यांवर वार्निशचा शेवटचा हात देऊन गोल खोक्यात भरायला बसला.

अधिवेशनाला सभागृह गच्च भरलं होतं. खळवाली मंचावर बसली, मागे तिची पाटी. ठरलं होतं म्हणून आली होती. पहिल्या रांगेत तिकडचे सात जण होते. त्यांच्यातला उंच, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा मंचापाशी येऊन तिला लवून नमस्कार करू लागला, तेव्हा तिने ओळखलं.

"एका दिवसाचं काम होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "वर्षभर कुठे होतात?"

तो गोंधळला. "कुणी विचारलंच नव्हतं," असं म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

अध्यक्षाचं भाषण पाऊण तास चाललं. माणसाने रेषा काढल्या, माणूसच त्या पुसेल. राष्ट्र हा मानवजातीचा बालरोग. टाळ्या. मग त्याने खूण केली आणि तीनशे खोकी एकदम उघडली. गोल हातात फिरू लागले, बोटं ठिपका शोधू लागली.

पहिल्या टाळ्या तिकडच्या सात जणांच्या होत्या. कडाडून.

अध्यक्षाने आपला गोल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग तो खळवालीकडे वळला. पाऊण तासात जो माणूस राष्ट्र या शब्दाला हजार नावं ठेवून दमला होता, त्याच्या तोंडून ध्वनिक्षेपकातून अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं:

"देशद्रोही बाई! स्वतःच्या देशाशी गद्दारी केलीस!"

 आपण काय बोललो हे त्याला कळलं असावं, कारण त्याने ध्वनिक्षेपक हाताने झाकला. पण जे बाहेर पडायचं ते पडलं होतं.

खळवाली उठली. तिने आवाज चढवला नाही. "कुठल्या देशाशी?" तिने विचारलं. "तुम्हीच पुसायला लावलेत ना? तीनशे वेळा पुसलाय मी."

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "खरवडून काढा तो!" आणि माणसं खिशातून किल्ल्या काढू लागली, पेनं, नेलकटर, कागद कापायची पाती. ठिपका वार्निशखाली होता. वार्निश आधी स्पिरिटच्या फडक्याने मऊ करून मग ठिपका उचलता येतो, कागदाला धक्का लागत नाही. हे त्या सभागृहात एकाच व्यक्तीला माहीत होतं आणि तिने ते सांगितलं नाही. लोक खरवडत राहिले. ठिपका निघाला, त्याबरोबर कागद निघाला, कागदाबरोबर ते शहर निघालं, शेजारची नदी निघाली, आणि खाली पांढरा पुठ्ठा दिसू लागला. तिकडच्या एकाने शेजाऱ्याच्या हातातला गोल हिसकावला. मग खुर्च्या पडल्या. पांढऱ्या भुवयांचा डॉक्टर "बंधूंनो, बंधूंनो" म्हणत होता आणि त्याच्या डोक्यावरून एक पृथ्वी उडत गेली.

सून दाराशी उभी होती. खळवाली पायऱ्या उतरून तिच्याजवळ आली. वाटेत तिच्या पायाशी एक गोल घरंगळत आला, त्या शहराच्या जागी अंगठा जाईल एवढं भोक पडलेला. तिने तो उचलला, उजेडात तिरका धरला. पेन्सिलीची रेष होती तिथेच होती.

"घ्यायचा का घरी?" सुनेने विचारलं.

"कशाला? फाक चांगली बसली होती, एवढंच बघत होते." तिने तो खुर्चीवर ठेवला आणि चोळीतली पिवळी पोच चाचपून बघितली. "चल. वाटेत खिडकी लागते. अर्ज कुठवर आलाय ते विचारून घेऊ."

"आणि किल्लीचंही," सून म्हणाली. "ती वेगळी मागावी लागते का, ते विचारू."